भोंगा वाजला की नदीकडे जायचं नाही

१ जून, सोमवार

...मग गोठा झाडला, म्हशीची धार काढली, दूध डेअरीला पाठवलं. तव्यावर पहिली भाकरी टाकली होती. मालक उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढत होते. सुई मागितली, दिली. चहा मागितला, थांबा म्हटलं. तेवढ्यात मागच्या आळीचा लखन मोबाईल नाचवत आला. मेसेज होता की धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी सावध राहावं. आमच्या निरवांगीत सावध राहणं म्हणजे एकच. नीरेच्या काठावर प्रत्येकाची पाण्याची मोटार बसवलेली आहे, ती पाण्याच्या आधी काढून आणायची. सगळी आळी नट खोलायचे पाने आणि दोर घेऊन नदीकडे पळाली. मालक म्हणाले, भाकरी झाकून ठेव, आलोच.

त्या दिवसाला चार वर्षं झाली. पुढचं गावाला माहीत आहे. पाणी आधी आलं. पाणी उतरल्यावर मोटार गाळात सापडली, मालक पार खाली दुसऱ्या गावाच्या हद्दीत. मोटार रिवाइंडिंग करून बसवली, आजही चालते.

गेणू तेव्हा काठावर उभा होता. मालकांचा सख्खा चुलतभाऊ. शेजारचं घर, शेजारची मोटार. पट्टीचा पोहणारा. भाऊ वाहून चाललाय आणि यानं काय केलं, तर दोर टाकला. उडी नाही मारली. दोर टाकला! आणि वर्षाच्या आत स्वतःसाठी नवीकोरी मोटार आणून बसवली. भाऊ गेला, याला मोटार सुचते.

हे आज लिहायचं कारण, ग्रामपंचायतीनं नोटीस लावली आहे. पूर, आग, साप, अपघात, अशा वेळी मदत करायला गावातल्याच माणसांना ट्रेनिंग देणार. गावाला कुणीतरी उडी मारणारं पाहिजे. मी नाव दिलं. मला पोहता येत नाही, पण ते शिकवतीलच.

संकल्प दोन. रोज लिहायचं. आणि गेणूचं नाव या वहीत परत येणार नाही.

३ जून, बुधवार

गेणूनंही नाव दिलंय.

शाळेत पहिला वर्ग झाला. शिकवायला बारामतीहून करुणा मॅडम आल्यात. आमच्या पोरापेक्षा, सुयोगपेक्षा लहान असेल. स्कूटर, बूट, गळ्यात शिट्टी. माझं नाव विचारलं. नकोशी. परत विचारलं. नकोशीच. चौथी मुलगी झाली की ठेवायचे, त्यात काय एवढं. तिचा चेहरा उतरला. मला तिच्या बुटांची काळजी वाटली, शाळेपुढचा चिखल त्यांना सोसायचा नाही.

मग वय विचारलं. चाळीसच्या आतले घ्यायचेत म्हणाली. मी म्हटलं, आधार कार्डावरचं साल मास्तरांनी अंदाजानं घातलंय. मग खरं साल कुठलं? म्हटलं, तेही अंदाजानंच सांगावं लागेल. ती हसली आणि घेतलं. अशा ढिल्या कारभारानं उद्या कुणालाही घेतील.

पहिलाच धडा काय, तर बुडणाऱ्याला वाचवायला पाण्यात उडी मारायची नाही. आधी ओरडून धीर द्यायचा, मग काठी, मग दोर. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही घेऊन जातो म्हणे. एकाच्या जागी दोन मढी.

मी उठून विचारलं, आणि दोर टाकून माणूस मेला तर? मॅडम म्हणाल्या, तरीसुद्धा दोरच, मावशी.

गेणू मागच्या बाकावर बसला होता. मान खाली. लाज वाटली असणार.

वर्गात वाटलेली पुस्तिका घरी आणली. त्यातही तेच छापलंय. छापखान्यात चुका होतात. मी वाचणारी बाई आहे, मला माहीत आहे.

६ जून, शनिवार

पुस्तिका तीनदा वाचली. वर्गात दुसऱ्या कुणी एकदाही उघडली नसेल. शाळा मला मिळाली नाही. खताच्या पोत्यांवरून अक्षरं लावली, मग सुयोगची पुस्तकं वाचली, मग भवानीनगरच्या वाचनालयातली. मालक म्हणायचे, हिला वाणसामान नको, पुडीचा कागद पाहिजे.

आज रबराच्या बाहुल्यावर छाती दाबायचं शिकवलं. माणसाचा श्वास थांबला की करायचं. माझी पाळी आल्यावर मी मनापासून दाबलं. आतून कट्ट आवाज आला आणि बाहुल्याची छाती वर यायची बंद झाली. मॅडम म्हणाल्या, मावशी, हळू. लखन म्हणाला, काकी, त्याला वाचवायचाय, मळायचा न्हाय. सगळे खिदळले. माल हलका होता, दुसरं काही नाही. खरं माणूस असतं तर उठून बसलं असतं.

लखनला ट्रेनिंगमधून काढावं असं मॅडमना सुचवलं. विचार करते म्हणाल्या. म्हणजे काढणार.

९ जून, मंगळवार

लखनला काढलं नाही.

आज दोर टाकायचा सराव होता. मैदानात ट्रॅक्टरचा टायर ठेवला, तो बुडणारा माणूस. माझा खांदा अचानक धरला. पायरीवर बसून पाहिलं. गेणूचा दोर पहिल्याच फेकीला टायरच्या मधोमध पडला. टाळ्या वाजल्या. त्यानं हसू नये एवढी तरी अक्कल दाखवली. दोर गोळा करत राहिला, गोळा करत राहिला, शेवटी लखननं त्याच्या हातातून घेतला.

टायरला वाचवणं सोपं असतं.

दुपारी खांदा बरा झाला. पेंडीची पोती एकटीनं उतरवून घेतली.

मॅडमना पोहण्याचं विचारलं. पोहणं या कोर्समध्ये नाही म्हणे. मग कोर्समध्ये आहे काय?

१३ जून, शनिवार

दोन बांबू आणि घोंगडं घेऊन स्ट्रेचर करायला शिकलो. पेशंट मला केलं. परवा पट्टी बांधतानाही मलाच केलं होतं. आधी वाटलं, मुद्दाम करतात. नंतर लक्षात आलं की पेशंटचं काम सगळ्यांत अवघड, ते कुणालाही देत नाहीत.

डोक्याकडचा बांबू गेणूच्या हातात होता. मी पडल्या पडल्या मॅडमना सांगितलं, माणूस बदला. मॅडम म्हणाल्या, मावशी, तुम्ही बेशुद्ध आहात. मी म्हटलं, बेशुद्ध असले तरी कुणाच्या हातात आहे ते मला दिसतं. गेणूनं बांबू लखनकडे दिला आणि बाजूला झाला. लखन निघाला तो बैल उधळल्यासारखा. फाटकापाशी मी घोंगड्यातून खाली.

कंबर शेकली. सुयोगचा बारामतीहून फोन आला. एमआयडीसीत त्याला दोन पाळ्यांचं काम आहे, तरी आठवड्याला एकदा करतो. म्हणाला, आई, हे कशाला काढलंस या वयात? मी म्हटलं, गावासाठी. मग म्हणाला, ती नदीवरची मोटार तरी काढून टाक, आपण बोअर घेऊ. त्याला काय कळतंय. ती मोटार सुरू झाली की मला घरात आवाज येतो. बाकीच्या मोटारींत ओळखू येतो. तेवढा वेळ घरात माणूस असल्यासारखं वाटतं. हे त्याला सांगितलं नाही. म्हटलं, बोअरचं पाणी खारं लागतं.

१७ जून, बुधवार

आज टीमचा कॅप्टन निवडायचा होता. भाषण तयार करून गेले होते. सुरुवात, बंधूंनो आणि भगिनींनो, मी ही जबाबदारी नम्रपणे स्वीकारते.

हात वर करून मतं घेतली. मला दोन हात. एक माझा. दुसरा कुणाचा ते मागं वळून पाहिलं, आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

बाकी सगळे हात गेणूला. गावाची स्मरणशक्ती म्हशीपेक्षा कमी आहे. भाषण चुलीत घातलं.

त्यानं मला मत का द्यावं? दाखवायला. मोठेपणा करायला. चार वर्षांत एकदा तरी तोंड उघडून त्या दिवसाचं बोलला का? मी बोलू दिलं नाही असं कुशाबाई, म्हणजे त्याची बायको, नळावर सांगत असते. दाराशी आला होता तेव्हा दार लावून घेतलं, एवढंच. दार काय, बाहेरूनही बोलता येतं.

संकल्प: मनात कुणाबद्दल वाकडं ठेवायचं नाही. मुळात मी शांत स्वभावाची आहे.

२० जून, शनिवार

अखेर माझ्या लायकीचं काम मिळालं. पंचायतीच्या गच्चीवर नवीन भोंगा बसवलाय. पाणी सुटलं की तो वाजणार. वाजला की सगळ्यांनी हातातलं टाकून शाळेच्या माळावर यायचं. नदीकडे जायचं नाही, मोटारी काढायच्या नाहीत. हे घरोघर सांगायचं काम मॅडमनी मला दिलं. म्हणाल्या, मावशी, तुमचं लोक ऐकतील. ऐकतीलच. मी शिट्टी मागितली. शिट्टी एकच आहे म्हणाल्या.

सगळी आळी फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून सांगितलं, मोटार दुसरी मिळते, माणूस मिळत नाही. भोंगा झाल्यावर नदीच्या वाटेला जो दिसेल त्याचा कान धरून माळावर आणीन. लखनला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, काकी, पाठ झालं, आता गाण्यात म्हणून दाखवू का?

गेणूच्या दारातही जावं लागलं, कामच होतं. आत गेले नाही. अंगणातल्या म्हशीकडे तोंड करून सगळं सांगितलं. आतून गेणू म्हणाला, वहिनी, म्हशीला कळलं. मलाबी कळलं. कुशाबाई फिस्सकन हसली. त्या घरात गांभीर्य कुणालाच नाही.

सगळ्यांत बेफिकीर लोक आपल्याच गावात भरलेत. भोंगा वाजला की ही माणसं पाने घेऊन नदीकडे पळणार, लिहून ठेवते. मी एकटी माळावर उभी असेन.

२२ जून, सोमवार

रंगीत तालीम होणार आहे. भोंगा वाजवून बघणार, गाव किती वेळात माळावर येतं ते. दिवस सांगणार नाहीत. मी मॅडमना म्हटलं, मला तरी सांगा, मी टीमची आहे. म्हणाल्या, टीमला तर मुळीच नाही. कॅप्टनलाही सांगितलेलं नाही. हे एक बरं केलं.

सांगायची गरजही नाही. झोपेतून उठवलं तरी माझे पाय माळाकडेच वळतील.

२४ जून, बुधवार

जे झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे गैरसमज होणार नाही.

सकाळी मळ्यात म्हशीसाठी घास कापत होते. भोंगा झाला. हातातला विळा टाकला. नियमाप्रमाणे.

मी नदीकडे गेले ती लोकांना परत आणायला. वाटेत घरी वळले, पाना घेतला. हातात काही असलं की लोक ऐकतात. नदीवर पाहिलं तर सगळी टीम हजर. लखन, त्याचे मित्र, शाळेत पुढच्या बाकावर बसणारे सगळे, जो तो आपापल्या मोटारीवर वाकलेला. गेणूसुद्धा, खांद्यावर दोर. मोटार ओढायला सगळे दोर आणतातच. मी त्यांना ओरडून सांगणार होते. पण वाटेत आधी आमची मोटार लागते. स्टार्टरची पेटी बंद केली, एवढं भान होतं. मग नट ढिले केले, कारण...

कारण आठवत नाही.

शेवटचा नट निघाला आणि मोटार गाळावरून घसरली. मी तिला दोन्ही हातांनी कवळा घातलेला होता. दोघी पाण्यात गेलो. पायाखाली नुसता गाळ, उभं राहावं तर पाय आत जात होते. नाकातोंडात पाणी. वर पाहिलं तर काठावर गेणू. मी ओरडले, उडी मार! काय काय ओरडले ते लखनच्या मोबाईलमध्ये आहे, इथं लिहायची गरज नाही. चार वर्षांचं एकदम बाहेर आलं. सगळं गाव ऐकत होतं.

त्यानं दोर टाकला. नेमका माझ्या हातापाशी पडला. म्हणाला, वहिनी, दोर धरा. मी म्हटलं, धरणार नाही, उडी मार. म्हणाला, धरा म्हंतोय न्हवं! असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. एका हातानं धरला. दुसऱ्या हातात मोटार होती.

तो ओढत होता, मी येत नव्हते. मोटार सोडा, म्हणाला. मी म्हटलं, नाही सोडणार, ह्यांची आहे. तेव्हा तो काठावर गुडघ्यावर बसला आणि रडत ओरडायला लागला. वहिनी, दादाबी असाच! दोर व्हता त्याच्या हातात! एका हातात दोर अन् एका हातात मोटार, सोडंना! सोड दादा, सोड दादा म्हणून माझा घसा फाटला. माझी मोटार गेली तर गेली म्हणून तिचा दोर सोडून दादाला टाकला, त्यानं धरला बी! फकस्त मोटार सोडंना!

कधी सोडली मला माहीत नाही. काठावर होते तेव्हा दोन्ही हातांत दोर होता.

लखन आमची मोटार बघायला पाण्यात उतरला. त्याच्या कमरेइतकं पाणी. मी म्हटलं, तू उंच आहेस.

माळावर गेलो तेव्हा करुणा मॅडम घड्याळ हातात घेऊन उभ्या होत्या. वेळेवर पोचलेली एकच बाई, कुशाबाई. गुडघे दुखतात, नदी लांब पडते, म्हणून. बाकी गाव चिखलात माखलेलं, ज्याच्या त्याच्या हातात पाना. टीम सगळ्यांत जास्त माखलेली. मॅडमनी घड्याळ बंद केलं. मग म्हणाल्या, मी काय शिकवलं इतके दिवस? शेवटी गेणू म्हणाला, मॅडम, भोंगा झाल्यावर आमाला थांबवता यायचं न्हाय. ह्या मोटारी आत्ताच काठावरनं वर घ्यायला पायजेत, टेकाडावर, पाईप वाढवून. म्हंजे भोंगा झाला तरी नदीवर जायला कारणच ऱ्हाणार न्हाय. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि खाली बसल्या, तशाच चिखलात, नव्या बुटांसकट.

मला घरी कुणी आणलं ते लक्षात नाही. ओलं लुगडं वाळत घातलं. मालक शेवटी एकटे नव्हते, एवढं एकच सारखं मनात येतंय. कुणीतरी दुसरं टोक धरून होतं.

हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. दार लावलेलं असलं म्हणून काय झालं.

२६ जून, शुक्रवार

व्हिडिओ बारामतीपर्यंत गेला. सुयोगचा फोन आला होता. मी म्हटलं, तालीम होती, मला पेशंटचं काम दिलं होतं. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, आई, मी शनिवारी येतो.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेणूभावजींच्या घरी गेले. त्यांच्याशी बोलून आम्ही दोघांनी आधी माझी मोटार गाळातून काढून टेकाडावर नेली, मग त्यांची. दुपारी त्यांच्याकडंच जेवले. कुशाबाईच्या आमटीत मीठ कमी होतं. दोनदा वाढून घेतली.